मुंबई आंदण मिळायला लागलेली पावणेचार वर्षे

शाळेच्या पुस्तकात ही गोष्ट एका वाक्यात उरकते: पोर्तुगालच्या राजकन्येचे इंग्लंडच्या राजाशी लग्न झाले आणि मुंबई आंदण म्हणून गेली. प्रत्यक्षात तह झाला जून १६६१ मध्ये आणि इंग्रजांनी मुंबईचा रीतसर ताबा घेतला फेब्रुवारी १६६५ मध्ये. मधल्या काळात तीनशेच्या आसपास शिपाई एका ओसाड बेटावर मेले, गोव्याच्या विजरईने (पोर्तुगीज व्हाइसरॉयने) कागदपत्रांत एकामागून एक खोड्या काढल्या, आणि ज्या कारणासाठी बेट द्यायचे ठरले होते ते कारणच उरले नाही.

युरोपीय सत्तांनी समुद्रापार वसाहती का उभ्या केल्या याची उत्तरे आपल्याला पाठ असतात: मसाले, सोने, धर्मप्रसार. या प्रकरणात ती फारशी उपयोगी पडत नाहीत. मुंबईत मसाले पिकत नव्हते आणि सोने नव्हते. होती ती नारळाची आगरे, भातखाचरे, मासळी आणि वाऱ्यापासून आडोसा असलेले खोल बंदर. ही वसाहत जन्मली ती तिसऱ्याच्या भीतीतून. तो तिसरा म्हणजे वलंदेज, आजच्या भाषेत डच.

पार्श्वभूमी

डिसेंबर १५३४ मध्ये गुजरातच्या बहादूरशहाने वसई आणि भोवतालचा मुलूख पोर्तुगिजांना दिला. मुंबईची बेटे त्यातच गेली. फिरंग्यांनी, म्हणजे पोर्तुगिजांनी, जीव लावला तो वसईला. तिथे तटबंदी उठली, दगडी वाडे आणि चर्च बांधली गेली. मुंबई मात्र सरकारला ठरावीक खंड भरणाऱ्या जमीनदारांकडे राहिली. बेटावर सांगण्यासारखी इमारत म्हणजे जमीनदाराचे मोठे घर. १६२६ मध्ये इंग्रज आणि वलंदेज यांच्या आरमारांनी मिळून मुंबईवर हल्ला केला तेव्हा तेही जाळले. हे दोघे तेव्हा दोस्त होते. चाळीस वर्षांच्या आत ते एकमेकांच्या जिवावर उठले.

पोर्तुगालची अवस्था बिकट होती. साठ वर्षे स्पेनच्या राजाखाली काढून १६४० मध्ये त्याने स्वतःचा राजा गादीवर बसवला, पण स्पेनने ते मान्य केले नव्हते आणि युद्ध चालूच होते. १६५९ मध्ये फ्रान्सने स्पेनशी तह केला आणि पोर्तुगाल एकटा पडला. इकडे आशियात वलंदेज त्याचे एकेक ठाणे गिळत होते. १६५६ मध्ये कोलंबो गेले, १६५८ मध्ये जाफना. वलंदेजांची कंपनी ही भांडवल, आरमार आणि युद्ध करण्याचा परवाना असे सगळे एकाच हातात असलेली संस्था होती. तिला तोंड द्यायला लिस्बनकडे जहाजेही नव्हती आणि पैसाही नव्हता.

इंग्रजांच्या ईस्ट इंडिया कंपनीची वखार सुरतेला होती, पण मोगलांच्या मर्जीवर. स्वतःचा तट नाही, स्वतःची तोफ नाही, आणि सुभेदार बदलला की जकातीचा दरही बदलणार. सुरतेच्या इंग्रजांनी १६५२ मध्येच मालकांना सुचवले होते की वसई आणि मुंबई पोर्तुगिजांकडून विकत घेता आली तर पाहावे. म्हणजे लग्नाची बोलणी सुरू होण्याच्या बरीच आधीपासून बेटावर नजर होती. फक्त ती इंग्रज कंपनीच्या कारकुनांची होती, राजाची नव्हे.

तहात नेमके काय होते

२३ जून १६६१ च्या तहानुसार कॅथरिन ऑफ ब्रागांझा हिच्याबरोबर चार्ल्स दुसरा याला उत्तर आफ्रिकेतले टँजियर, मुंबई आणि २० लाख क्रुझादो (पोर्तुगीज नाणी) मिळायचे होते. रोख रकमेचे पुढे काय झाले ते पाहण्यासारखे आहे. नवरीला न्यायला इंग्रज आरमार लिस्बनला पोहोचले तेव्हा तिजोरीत पुरेसे पैसे नव्हते. राजमातेने रकमेचा मोठा भाग साखर आणि इतर मालाच्या रूपाने जहाजांत भरून दिला. देणाऱ्याची परिस्थिती काय होती ते एवढ्यावरून कळते.

मुंबईबद्दलचे कलम सरळ दिसते: मुंबईचे बंदर आणि बेट, त्याचे सर्व हक्क, उत्पन्न, प्रदेश आणि त्यास लागून येणाऱ्या सर्व गोष्टींसह. कारणही दिले आहे: इंग्लंडच्या व्यापाराला बरकत यावी आणि वलंदेजांविरुद्ध पोर्तुगिजांना मदत करणे राजाला सोपे जावे. सोबत गुप्त कलम होते, त्यात ही मदत इंग्लंडचे कर्तव्य ठरवली होती. लिस्बनच्या हिशोबात मुंबई ही पहारेकरी ठेवण्यासाठी दिलेली जागा होती.

दोन गोष्टी राहून गेल्या. सीमा कुठेच लिहिली नाही. आणि कलमाचा सगळा भार ज्यावर होता ते युद्ध किती दिवस चालेल याचा विचार झाला नाही. तहाची शाई वाळते न वाळते तोच, ऑगस्ट १६६१ मध्ये, पोर्तुगालने वलंदेजांशी हेगमध्ये स्वतंत्र तह केला. त्याची अंमलबजावणी इतकी रेंगाळली की जानेवारी १६६३ मध्ये वलंदेजांनी कोचीन घेतले आणि पाठोपाठ कण्णूरही. मग इकडे शांतता झाली. इंग्रजांनी तोवर बोटही हलवले नव्हते. गोव्यातल्या माणसाच्या नजरेने पाहिले तर किंमत चुकती करायची होती आणि माल कधी आलाच नव्हता.

कोणापुढे कोणते पर्याय होते

लिस्बनपुढे खरे तर दोनच होते: इंग्लंडची सोयरीक, किंवा स्पेन आणि वलंदेज यांच्यामध्ये चिरडून जाणे. सोयरीकीसाठी काहीतरी सोडावे लागणारच होते. वसई सोडली असती तर उत्तर कोकणातला कणाच गेला असता. मुंबई मात्र त्यांच्या वहीत दुय्यम जहागीर होती. ज्या दरबाराने हा निर्णय घेतला त्याला किनारा कागदावर माहीत होता. भरती-ओहोटीला कोणती खाडी कुठवर आत जाते, हे वसईच्या कप्तानाला माहीत होते, आणि त्याला कोणी विचारले नाही.

इंग्लंडच्या राजाला भूमध्य समुद्राच्या तोंडाशी असलेले टँजियर अधिक मोलाचे वाटले. त्यात गैर काही नव्हते. त्या वेळी कुणीही तोच हिशोब केला असता. तेच टँजियर सांभाळण्याचा खर्च परवडेना म्हणून इंग्रजांनी १६८४ मध्ये सोडून दिले.

इंग्रज कंपनीपुढे तीन वाटा होत्या. सुरतेतच नमते घेऊन राहणे, सिद्दीचे दंडा-राजपुरी मिळवणे (याची चर्चा खरोखर झाली होती), किंवा पोर्तुगिजांकडून एखादी जागा पैसे देऊन घेणे. कोकणात आणखी दक्षिणेला राजापूरच्या वखारीने वेगळाच धडा घालून दिला होता. १६६० मध्ये पन्हाळ्याच्या वेढ्यात तिथल्या इंग्रजांनी सिद्दी जौहरला दारूगोळा पुरवला आणि इंग्रजी निशाण लावून तोफा डागल्या. शिवाजी महाराजांनी दुसऱ्याच वर्षी राजापूर गाठून वखार लुटली आणि वखारवाल्यांना कैदेत टाकले. दुसऱ्याच्या मुलखात, बिनतटाची वखार चालवत, वर राजकारणही खेळायचे, हे जमणारे नव्हते.

पहिला निर्णय: विजरईचा नकार

सप्टेंबर १६६२ मध्ये इंग्रज सरदार अर्ल ऑफ मार्लबरो पाच जहाजे घेऊन मुंबईसमोर आला. ताबा घेण्यासाठी नेमलेला सर अब्राहम शिपमन आणि सुमारे ४०० शिपाई ही या मोहिमेची फौज होती. नवा विजरई आंतोनियो दी मेलो दी कास्त्रो हाही याच आरमारी मोहिमेबरोबर लिस्बनहून आला होता. म्हणजे देणारा आणि घेणारा बरोबरच निघाले होते.

किनाऱ्यावर आल्यावर विजरईने पाऊल मागे घेतले. त्याची कारणे दोन पातळ्यांवरची होती. वरवरचे कारण कागदाचे: शिपमनने आणलेली अधिकारपत्रे नेहमीच्या नमुन्यातली नाहीत. खरे कारण जमिनीचे. मार्लबरो म्हणाला, बेट म्हणजे साष्टी (मुंबईच्या उत्तरेचे मोठे बेट) आणि ठाण्यासकट सगळे. विजरई म्हणाला, बेट म्हणजे फक्त मुंबई. तहातल्या त्या ऐसपैस शब्दांतून दोन्ही अर्थ निघत होते.

मला इथे विजरईची बाजू नाकारता येत नाही. ठाणे आणि साष्टी गेली असती तर वसईला भात आणि लाकूड कुठून येणार होते? राजाचा हुकूम मोडणे हा गुन्हा होता, पण हुकूम पाळून उत्तरेचा प्रांत घालवणे हाही गुन्हाच ठरला असता. तो थेट नाही म्हणाला नाही. त्याने वेळ काढला, आणि लिस्बनहून पत्राचे उत्तर यायला वर्ष उलटते हे त्याच्या पथ्यावर पडले.

मार्लबरोकडे जहाजे आणि तोफा होत्या. त्याला बळजबरीने उतरता आले असते. पण ज्याला मदत करायला आलो त्याच मित्रराजाच्या ठाण्यावर गोळा टाकायचा कसा? तो परत गेला आणि शिपमनला फौजेसह मागे ठेवले.

अंजदीवचे दिवस

आता या ४०० माणसांना उतरवायचे कुठे? सुरतेचा इंग्रज अध्यक्ष सर जॉर्ज ऑक्झेंडन याने हात वर केले. एवढी हत्यारबंद फौज वखारीत उतरली असती तर मोगल सुभेदाराने वखारच बंद केली असती. शिपमनने मुंबईवरचा राजाचा हक्क कंपनीच्या नावे करून देण्याचीही तयारी दाखवली. राजाची संमती नाही आणि बेट ताब्यात ठेवायला माणसे नाहीत, म्हणून ऑक्झेंडनने तेही नाकारले.

शेवटी फौज कारवारजवळच्या अंजदीव बेटावर उतरली. वास्को द गामा १४९८ मध्ये इथे थांबला होता आणि १५०५ मध्ये पोर्तुगिजांनी किल्ला बांधून लगेच सोडूनही दिला होता; त्यावरूनच जागेची लायकी समजायला हवी होती. राहायला घरे नाहीत, औषधपाणी नाही, मुख्य भूमीवरून येईल तेवढेच धान्य. इंग्लंडच्या थंडीतून आलेल्या माणसांनी कोकणपट्टीचा पावसाळा उघड्या बेटावर काढला. ताप आणि हगवणीने ती पटापट गेली. १६६४ मध्ये शिपमनही तिथेच वारला. मुंबईला पोहोचली तेव्हा शिपायांची संख्या शंभराच्या आसपास उरली होती.

या मृत्यूंचा दोष कुणा एकाकडे जात नाही. विजरईला ही माणसे मारायची नव्हती, ऑक्झेंडनला वखार वाचवायची होती, मार्लबरोला परत जायचे होते. प्रत्येकाने आपापल्या जागी शहाणपणाचा निर्णय घेतला.

दुसरा निर्णय: कुकची सही

शिपमनने मृत्युपत्रात आपला चिटणीस हम्फ्री कुक याला जागेवर नेमले होते. गोव्यात पुन्हा शंका निघाली: राजाचा अधिकार शिपमनच्या नावे, तो मेल्यावर दुसऱ्याला कसा पोहोचतो? कायदेपंडितांनी खल करून नेमणूक मान्य केली. तोवर लिस्बनहूनही ताबा देण्याचा सक्त हुकूम आला होता.

कुकपुढे दोन वाटा होत्या: लंडनकडून नवे हुकूम येईपर्यंत अंजदीववर थांबणे, किंवा मिळेल त्या अटींवर मुंबईत शिरणे. थांबला असता तर ताबा घ्यायला माणूस उरला नसता. जानेवारी १६६५ मध्ये त्याने गोव्याच्या अटींवर सही केली. आपल्या वाचकाने या अटी नीट पाहाव्यात. देणे फक्त मुंबई बेटापुरते. कॅथलिक रयतेच्या धर्माला हात नाही. जमीनदारांच्या जमिनी कायम. वांद्रे, साष्टीकडे ये-जा करणाऱ्या पोर्तुगीज प्रजेला जकात नाही. आणि पोर्तुगीज हद्दीतल्या गावचे कुणबी, भंडारी मुंबईत पळून आले तर त्यांना थारा द्यायचा नाही.

शेवटची अट वाचून वाटते की विजरईला पुढचे दिसत होते. जमीन तर मुंबईपेक्षा साष्टीत कितीतरी जास्त होती. त्याला भीती होती ती माणसे जाण्याची. भात लावणारा कुणबी आणि माडावर चढणारा भंडारी खाडी ओलांडून गेला की जहागिरीत उरते काय?

फेब्रुवारी १६६५ मध्ये ताबा दिला गेला तो दोना इनेस दी मिरांदा हिच्या मोठ्या घरात. ही विधवा बाई तेव्हा बेटाची जमीनदारीण होती. रिवाजाप्रमाणे कुक बेटावर चालला आणि त्याने हातात माती आणि दगड घेतले. दस्तात तशी नोंद आहे. विजरईने राजाला लिहिले की केवळ आपली आज्ञा म्हणून हे करतो आहे, आणि इंग्रज मुंबईत स्थिरावतील त्या दिवशी हिंदुस्थान हातचा जाईल.

तिसरा निर्णय: राजाने हात झटकले

सही होताच कुकने अटी मोडायला सुरुवात केली. माहीम आपल्याच हद्दीत येते म्हणून त्याने ते व्यापले. उलट पोर्तुगिजांनी ठाण्याला आणि करंजाला, म्हणजे आजच्या उरणला, मुंबईच्या गलबतांवर जबर जकात बसवली. सगळ्या भांडणाची गाठ इथे होती. कल्याण-भिवंडीकडून येणारे धान्य आणि सरपण या दोन नाक्यांपैकी एकावरून यायचे, आणि दोन्ही फिरंग्यांच्या हातात होते. लंडनने कुकचा करार फेटाळला आणि त्याच्या जागी सर जर्वेस लुकास याला धाडले. त्याने १६६६ च्या अखेरीस कारभार हाती घेतला आणि काही महिन्यांतच तोही वारला.

राजाला आता कळले की बेट सांभाळायचे म्हणजे शिपाई, पगार, तटबंदी, आणि उत्पन्न त्या मानाने काहीच नाही. २७ मार्च १६६८ च्या सनदेने त्याने मुंबई ईस्ट इंडिया कंपनीला दिली. वर्षाचा खंड १० पौंड, सोन्यात, दर ३० सप्टेंबरला. सप्टेंबर १६६८ मध्ये कंपनीने ताबा घेतला. राजाच्या शिपायांना त्याच हुद्द्यावर आणि त्याच पगारावर कंपनीच्या चाकरीत यायची मुभा मिळाली. कंपनीच्या मुंबई पलटणीचे मूळ तिथे आहे.

निष्पत्ती

वसाहत खऱ्या अर्थाने उभी राहिली ती यानंतर, गव्हर्नर जेराल्ड आँजिए याच्या कारकिर्दीत (१६६९ ते १६७७). त्याने बंदुकीपेक्षा कागदाचा जास्त वापर केला. १६७२ मध्ये त्याने जमीनदारांशी ठराव केला: वर्षाला २० हजार शेराफिन (तेव्हाचे पोर्तुगीज नाणे) भरा, तुमच्या जमिनी तुमच्याच. न्यायालय सुरू केले, टांकसाळ काढली. दीवच्या बनियांना धर्म पाळण्याची लेखी हमी दिली. विजरईने ज्याला बांध घातला होता तोच ओघ सुरू झाला. लोकवस्ती १० हजारांवरून ६० हजारांवर गेली असे त्या काळचे अंदाज आहेत. आकडा फुगवलेला धरला तरी दिशा तीच राहते.

सुरत १६६४ आणि १६७० अशी दोनदा लुटली गेल्यामुळे आँजिएचे काम सोपे झाले. व्यापाऱ्यांना तट हवा होता. फेब्रुवारी १६७३ मध्ये वलंदेजांचे आरमार मुंबईसमोर आले, तयारी पाहिली आणि परतले. १६७४ मध्ये इंग्रजांचा वकील हेन्री ऑक्झेंडन रायगडावर शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकाला हजर होता तो नजराणा देण्यापुरता नव्हे. राजापूरच्या नुकसानीची भरपाई आणि व्यापाराची मोकळीक त्याला हवी होती. मुंबईचा सगळा पुरवठा आता मराठी मुलखावर अवलंबून होता. १६८७ मध्ये कंपनीचे पश्चिमेचे ठाणे सुरतेहून मुंबईला आले.

वेगळे काय करता आले असते

लिस्बनने सीमा लिहायला हवी होती, हे तर उघडच आहे. पण लिहिली असती तर तह झाला असता का, याची मला शंका आहे. ‘फक्त मुंबई’ असे स्पष्ट लिहिले असते तर लंडनने आणखी काहीतरी मागितले असते. मोघम शब्द ठेवल्याने लिस्बनमध्ये सह्या झाल्या आणि भांडण गोव्याच्या गळ्यात पडले. युरोपीय सत्तांच्या त्या काळच्या कितीतरी तहांचे असेच झाले आहे.

१६५० च्या दशकात सुरतेच्या सूचनेवरून सरळ विक्री झाली असती तर? पोर्तुगालला पैसा लगेच मिळाला असता आणि साष्टीचा वाद निघाला नसता. कारण कंपनीला विकत घेतलेल्या जागेची हद्द पाहायची सवय होती. माझ्या मते सगळ्यांना सर्वांत स्वस्त पडणारी वाट हीच होती. ती टळली, कारण त्या क्षणी कुठल्याच राजाला घाई नव्हती.

विजरईचे चुकले ते जकातीत. बेट दिल्यावर ठाणे आणि करंजाला नाके आवळून त्याच्या माणसांनी थोडा महसूल मिळवला. बदल्यात शेजाऱ्याला कायमचा वैरी केले. नाके सैल ठेवली असती तर मुंबईचे पोट पोर्तुगीज साष्टीवर भरले असते आणि तिला वसईच्या सुरक्षिततेची चाड राहिली असती. १७३७ ते १७३९ मध्ये मराठ्यांनी साष्टी आणि चिमाजी आप्पांनी वसई घेतली तेव्हा मुंबईकर इंग्रजांनी पोर्तुगिजांसाठी फारसे काही केले नाही. १७७४ मध्ये इंग्रजांनी ठाणे आणि साष्टी लढून घेतली ती मराठ्यांकडून. मार्लबरोने तीच साष्टी तहाच्या शब्दांवर बोट ठेवून मागितली होती, त्याला तोवर ११२ वर्षे झाली होती.